पाहिलंस की ठरवलंस?

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच वस्तीत धाडलं जातं. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, उरलेले दिवस वर्ग. वस्तीतून परतल्यावर तिथे काय दिसलं, कोण काय बोललं, आपण काय उत्तर दिलं, ते सगळं लिहून काढायचं. त्याला रेकॉर्डिंग म्हणतात. पर्यवेक्षक ते वाचतात आणि मग एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून त्यावर बोलतात. पहिल्या सत्रातल्या या लेखनात एक वाक्य थोड्याफार फरकाने येतंच: ‘कुटुंबप्रमुख आळशी व व्यसनी असल्याने घरची परिस्थिती हलाखीची आहे.’

चांगला पर्यवेक्षक ‘आळशी’ या शब्दाखाली रेघ मारतो आणि विचारतो, “हे तू पाहिलंस की ठरवलंस?”

विद्यार्थी गोंधळतो. सकाळी अकरा वाजता तो माणूस घरात झोपलेला होता, एवढं त्याने पाहिलेलं असतं. तो रात्रपाळी करून आला होता का, पहाटे मजूर नाक्यावर उभा राहून काम न मिळाल्यामुळे परतला होता का, अंगात ताप होता का, यातलं काहीच विचारलेलं नसतं. विचारावंसं वाटलंच नाही, कारण उत्तर घरूनच सोबत आलं होतं.

समाजकार्याच्या प्रशिक्षणातला सगळ्यांत कठीण भाग हाच आहे. कायदे, योजना, मुलाखतीचं तंत्र या गोष्टी शिकता येतात. पण आठ-दहा वर्षांचे असताना ओट्यावर, अंगणात, लग्नाच्या पंगतीत मोठ्यांच्या बोलण्यातून जे मनात उतरलं, ते आपण कधी ‘शिकलो’ असं आपल्याला वाटतच नाही. ते आपल्याला जगाचं वर्णन वाटतं. अमुक जातीची माणसं अशीच असतात, अमुक गल्लीतून जाऊ नये, अशा शिकवणी निदान ओळखू तरी येतात. वर्गात कोणी त्या उघड बोलून दाखवल्या तर चार जण लगेच हरकत घेतात. फार चिवट असते ती वेगळीच शिकवण, आणि ती वाईट म्हणून नव्हे, चांगली म्हणून दिलेली असते: करावे तसे भरावे. कष्ट केले की फळ मिळतं. आपण नीट वागलो की आपलं वाईट होत नाही. या वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाढली आणि अनेकांना त्याने बळही दिलं. पण तेच वाक्य उलटं वाचलं तर काय होतं? ज्याचं वाईट झालं, त्याने काहीतरी केलंच असणार.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारांवरचं आपलं पुस्तक 1932 साली प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली होती. एक मुलगा सफरचंदं चोरतो, पळताना ओढ्यावरच्या कुजलेल्या लाकडी पुलावर पाय देतो आणि पूल मोडून पाण्यात पडतो. त्याने चोरी केली नसती तर तो पडला असता का? लहान मुलांपैकी बहुतेकांनी सांगितलं की नसता पडला, चोरी केली म्हणून पूल मोडला. वय वाढत गेलं तसं हे उत्तर कमी होत गेलं. बारा वर्षांच्या आसपासची बरीच मुलं म्हणू लागली की पूल कुजका होता, कोणीही पडला असता.

हा विचार वयाबरोबर सुटतो, असा यावरून समज होईल. तो सुटत नाही, दबून राहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांना हे रुग्णालयात जाणवलं. एरवी सहृदय असणारे तज्ज्ञ मनोरुग्णांबद्दल बोलताना त्यांच्या आजाराचा दोष त्यांच्याच माथी मारत होते. लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थिनींना पडद्यावर दुसरी एक मुलगी दाखवली होती. ती चुकीचं उत्तर दिलं की विजेचा झटका बसल्यासारखी कळवळत होती. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना तिचा त्रास थांबवता आला, त्यांचं तिच्याबद्दलचं मत चांगलं राहिलं. ज्यांना सांगितलं गेलं की हे असंच चालू राहणार आहे, त्यांनी तिला कमी लेखलं. आणि ती इतरांच्या भल्यासाठी हे सोसायला तयार झाली आहे असं ज्यांना कळलं, त्यांनी तर तिला सगळ्यांत कमी लेखलं.

हा निष्कर्ष मला समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात वाचावा असा वाटतो. दुःख पाहून आपण विरघळतो, हे अर्धंच खरं आहे. ज्या दुःखावर आपला इलाज चालत नाही, ते सतत पाहावं लागलं की मन त्या माणसातच खोट शोधू लागतं. जग न्यायाने चाललंय हा लहानपणचा विश्वास वाचवण्यासाठी ते समोरच्याचा बळी देतं. समाजकार्यकर्त्याचं तर रोजचं काम अशाच दुःखासमोर बसण्याचं आहे.

हा व्यवसाय मुळात याच समजुतीतून उभा राहिला, ही गोष्टही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. लंडनमध्ये 1869 साली धर्मादाय मदतीला शिस्त लावण्यासाठी संस्था निघाली. तिचे स्वयंसेवक गरिबांच्या घरी जाऊन चौकशी करत आणि मदतीला ‘लायक’ कोण व ‘नालायक’ कोण ते ठरवत. असं काम पुढे अमेरिकेतही पसरलं आणि त्यातूनच मेरी रिचमंड यांनी 1917 मध्ये व्यक्तीसोबत करायच्या कामाची पद्धत शास्त्रशुद्धपणे मांडली. म्हणजे गृहभेट, चौकशी, नोंद ही आजची अवजारं मूळची निवाडा करण्यासाठी घडवलेली आहेत. ती हातात घेतली की निवाड्याची सवयही हातात येते.

त्या सवयीला आकड्यांनी पहिला मोठा धक्का दिला तो सीबम राउनट्री यांनी. हे चॉकलेट बनवणाऱ्या घराण्यातले, क्वेकर पंथाचे, कष्टाची आणि संयमाची शिकवण मिळालेले गृहस्थ. त्यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कामकरी वर्गाची घरोघर पाहणी केली आणि ती 1901 मध्ये छापली. शहरातली 28 टक्क्यांच्या आसपास माणसं गरिबीत होती. ज्यांची मिळकत नुसतं शरीर धडधाकट ठेवायलाही पुरत नव्हती, अशांच्या गरिबीचं कारण त्यांनी शोधलं. त्यांच्यातल्या 52 टक्क्यांच्या घरी कमावता माणूस नियमित कामावर जात होता. मजुरीच कमी होती. कष्ट पुरे होते, फळ नव्हतं.

मुंबईत समाजकार्याचं प्रशिक्षण सुरू झालं तेही अशाच कष्टकऱ्यांच्या भागात. अमेरिकन मराठी मिशनने 1927 मध्ये नागपाड्याला नेबरहुड हाउस उभारलं. त्याची धुरा क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याकडे होती. तिथेच 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. वर्गाच्या दाराबाहेर पडलं की समोर गिरणगाव आणि गोदीतल्या मजुरांची मुंबई होती. सुशिक्षित घरातल्या मुलांना या गल्ल्यांत पाठवायचं आणि परत आल्यावर लिहायला लावायचं, या पद्धतीला तेव्हापासून आपल्याकडे मूळ धरता आलं. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मग विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात महाविद्यालयं निघाली आणि विद्यार्थीही बदलले.

हा बदल फार महत्त्वाचा आहे. आज समाजकार्याच्या वर्गात शेतमजुराची मुलगी असते, ऊसतोड कामगाराचा मुलगा असतो, घरात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचलेले कितीतरी असतात. त्यांना वस्तीची ओळख करून द्यावी लागत नाही. पण ‘कष्टाचं फळ’ ही श्रद्धा कधी कधी त्यांच्यातच सर्वांत पक्की असते, कारण त्यांनी ती स्वतःच्या आयुष्याने खरी करून दाखवलेली असते. कंदिलाखाली अभ्यास केला, वसतिगृहात अर्धपोटी राहिलो, आणि इथवर आलो. मग समोरचा दारुडा बाप किंवा शाळा सोडलेला पोरगा पाहून मनात येतं: मी आलो वर, तुला काय झालं? त्या कष्टांचा मान राखूनच अशा विद्यार्थ्याला विचारावं लागतं की तुझ्या गावात वसतिगृह होतं, शिष्यवृत्ती वेळेवर आली, एका शिक्षकांनी अर्ज भरून दिला, आई आजारी पडली नाही. यातलं एखादं नसतं तर? कष्ट तेवढेच राहिले असते.

वर्गात यासाठी एक खेळ घेतात. सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं आणि प्रश्न विचारायचे: घरात पुस्तकं होती का, जात विचारली गेल्यावर कधी गप्प बसावं लागलं का, रात्री एकटीला बाहेर पडता येतं का. उत्तरानुसार पाऊल पुढे किंवा मागे. शेवटी रांग मोडून मुलं विखुरलेली दिसतात. परिणाम होतो खरा, पण मला हा खेळ सरसकट घ्यावा असं वाटत नाही. पुढे उभ्या असलेल्यांना धडा मिळावा म्हणून मागच्यांनी आपलं सगळं उघड्यावर मांडायचं, हे न्याय्य नाही. मागे उभ्या असलेल्या मुलीला तपासून पाहायची असते ती वेगळीच समजूत, ‘आपल्यासारख्यांना हे जमायचं नाही’ ही. तिला त्यासाठी गर्दी नको, पर्यवेक्षकाबरोबरचा निवांत तास हवा.

समजूत एका माणसाच्या डोक्यात असते तोवर तिचं नुकसान मर्यादित असतं. ती कायद्यात शिरली की काय होतं, ते आपल्याच राज्यात पाहायला मिळतं. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा 1959 चा. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी पसरट आहे की सार्वजनिक ठिकाणी गाणं गाऊन, नाचून, भविष्य सांगून पैसे मागणंही तीत येतं, आणि उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना भटकत राहणंही. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं संस्थेत डांबता येतं. पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. ‘धडधाकट आहे, काम का करत नाही?’ हा आपल्या आजीआजोबांचा प्रश्न इथे कलम होऊन बसला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये या कायद्याच्या दिल्लीला लागू असलेल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण तो निकाल दिल्लीपुरता होता.

पारध्यांची गोष्ट याहून कठोर. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. एखाद्या जमातीत जन्म झाला एवढ्यावर माणूस गुन्हेगार ठरला, त्याला हजेरी लागली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती कायद्याने ‘विमुक्त’ झाल्या. कागद फाडला गेला, पण गावागावांत ‘पारधी आलेत, दारं लावून घ्या’ हे वाक्य तसंच राहिलं. ते ऐकत वाढलेला मुलगा समाजकार्य शिकायला येतो आणि त्याला फील्डवर्कसाठी पालावर जावं लागतं. तिथे पहिल्या दिवशी त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. हे त्याने रेकॉर्डिंगमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं तर ते माझ्या मते त्या आठवड्यातलं सर्वांत मोलाचं वाक्य असतं, कारण तिथून पुढचं बोलणं सुरू करता येतं. ‘मला काहीच वाटलं नाही’ असं लिहिणाऱ्याबरोबर काय बोलणार?

लहानपणची भीती मोठ्या माणसालाही कशी गाठते, हे बाबा आमटे यांच्या आयुष्यात दिसतं. हिंगणघाटच्या जमीनदार कुटुंबात जन्मलेले, वकील, कशालाही न घाबरणारे म्हणून ओळखले जाणारे बाबा. सफाई कामगारांची संघटना बांधताना त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला होता. पण वरोऱ्याला गटारात पडलेला, बोटं झडलेला तुळशीराम दिसला तेव्हा ते घाबरून पळाले. त्या पळण्याने त्यांना छळलं आणि ते परत गेले. त्यातूनच पुढे कुष्ठरोगावरचं शिक्षण आणि आनंदवन. कुष्ठरोग पूर्वजन्मीच्या पापाचं फळ आहे ही समजूत आपल्याकडे किती खोल होती, ते कायदा सांगतो. जंतू 1873 मध्ये हॅन्सन यांना सापडला, बहुविध औषधोपचार 1980 च्या दशकात आले आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांतून थेट 2019 साली वगळलं गेलं.

घरातल्या मारहाणीबद्दलच्या समजुती तर मुलीही घेऊन येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) स्त्रिया आणि पुरुष दोघांना सात प्रसंग सांगून विचारलं गेलं: बायको न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासरच्यांचा मान ठेवला नाही, अशा वेळी नवऱ्याने मारणं योग्य का? निदान एका कारणासाठी योग्य, असं देशभरातल्या 45 टक्के स्त्रिया आणि 44 टक्के पुरुष म्हणाले. ही कारणांची यादी म्हणजे ‘तिने काहीतरी केलंच असणार’ याचाच तपशील आहे. समुपदेशनाच्या खुर्चीत बसलेल्या नव्या मुलीच्या मनात ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हे असेल, तर मार खाऊन आलेल्या बाईला तिचा पहिला प्रश्न असतो, “नेमकं झालं काय होतं?” प्रश्न साधा आहे. पण त्या बाईला तो कसा ऐकू येतो? मी काय केलं होतं, ते सांगायला हवं, असा.

मुंबईत 1984 मध्ये टाटा संस्थेच्या पुढाकाराने पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या शेजारी बसू लागल्या. पुढे हे कक्ष राज्यभर पोचले. अशा ठिकाणी काम करताना भूमिका स्पष्ट असावी लागते: हिंसेची जबाबदारी हिंसा करणाऱ्याची. समेट हवा की नको, ते त्या बाईने ठरवायचं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. निवाडा करू नका म्हणजे सगळंच चालतं, असं नव्हे. हे तत्त्व ज्यांनी सर्वांत नेमकं मांडलं, ते फेलिक्स बीस्टेक शिकागोचे जेझुइट धर्मगुरू होते. स्वतःची श्रद्धा पक्की असलेला माणूस. त्यांनी 1957 च्या पुस्तकात सात तत्त्वं सांगितली. त्यांतल्या या तत्त्वाचा अर्थ असा की अडचणीचा दोष माणसाच्या पदरात किती घालायचा, हे ठरवणं आपलं काम नाही. त्याच्या वागण्याचं मूल्यमापन मात्र करायचंच.

श्रद्धेच्या बाबतीत हा फरक फार उपयोगी पडतो. मनोरुग्ण मुलाला दर्ग्यावर किंवा देवऋष्याकडे नेणारी आई भेटली की भाविक घरातल्या विद्यार्थ्याला त्यात वावगं दिसत नाही, आणि विवेकवादी घरात वाढलेल्याला दुसरं काही दिसतच नाही. दोघांनीही घरून आणलेलं तपासायला हवं. तमिळनाडूतल्या एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण होरपळून मेले. साखळीला श्रद्धा म्हणून सूट देता येत नाही. दुसरीकडे गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना सोबत घेऊन मानसोपचाराचा दवाखाना सुरू झाला, आणि जे कुटुंब रुग्णालयाची पायरी चढलं नसतं त्याच्यापर्यंत गोळ्या पोचल्या. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही पूजा, वारी, नवस यांना हात लावलेला नाही. इजा, फसवणूक, अघोरी प्रथा यांना लावला आहे.

उरतं ते घर. वर्षभर हे सगळं शिकलेली मुलगी दिवाळीला गावी जाते आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला तिला पहिल्यांदा दिसतो. कप तिथे कायमच होता. ती भडकते, आई दुखावते, वडील म्हणतात, यासाठी शिकवलं का तुला? सुट्टी अबोल्यात जाते. प्रशिक्षण संस्था या प्रसंगाची तयारी जवळजवळ कधीच करून घेत नाहीत, आणि ही मोठी उणीव आहे. वस्तीतल्या अनोळखी माणसाशी दाखवलेला समजूतदारपणा ती आईशी दाखवायला विसरते. आईही कुणाच्या तरी घरात वाढली, सून म्हणून आली तेव्हा तो कप तिला कुणीतरी दाखवला. तिथे जी मुलगी “हा कप कधीपासून वेगळा आहे गं? तुला कुणी सांगितलं होतं?” असं विचारू शकते, तिला कधी कधी आईची आठवण ऐकायला मिळते: सासूबाई काय म्हणाल्या होत्या, आईला तेव्हा काय वाटलं होतं. कप त्या दिवाळीत बदलेलच असं नाही, आणि मावशींनी तोवर वाट का पाहावी, हा प्रश्न राहतोच. म्हणून मुलगी त्या दिवसापासून घरातल्या नेहमीच्या कपात मावशींना चहा देते आणि आईशी बोलणंही चालू ठेवते.